ठेव आणि देणे

बँकेत लागलो त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या वरिष्ठांनी एक धडा दिला होता. खातेदार ज्या रकमेला कौतुकाने आपली ठेव म्हणतो, ती बँकेच्या ताळेबंदात देण्याच्या बाजूला लिहायची असते. पुढची सारी नोकरी आकडे योग्य त्या रकान्यात बसवण्यात गेली. त्या वाक्याचा खरा अर्थ मात्र निवृत्तीनंतर, गॅलरीतल्या दोन फुटी काचपेटीने शिकवला.

कोळंबी म्हटले की आपल्याला आधी कालवण आठवते. माझी कोळंबी त्या कामाची नाही. ही जेमतेम इंचभर, लालबुंद, शोभेच्या माशांच्या दुकानात ‘चेरी श्रिम्प’ या नावाने मिळणारी. मूळची ती तैवान-चीनकडच्या गोड्या पाण्यातली आणि मातकट रंगाची. लाल रंग माणसाने निवडून निवडून वाढवला. मी दहा आणल्या आणि हौसेच्या भरात, पेटी भरल्याच्या तिसऱ्याच दिवशी पाण्यात सोडल्या. आठवड्याच्या आत दहाही मेल्या. पाणी तर आरशासारखे स्वच्छ दिसत होते! पण विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत आणि गाळणीच्या स्पंजात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर मला नव्हता. तारण न तपासता कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला आम्ही काय म्हणत असू, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

दुसऱ्या खेपेला सहा आठवडे रिकाम्या पेटीकडे बघत बसलो. पिल्लांना लपायला पाणशेवाळ लावले. माशांच्या काही औषधांत तांबे असते आणि ते कोळंबीला मारक, म्हणून औषधाची बाटली लांब ठेवली. मासा एकही घातला नाही, कारण पिल्ले म्हणजे माशाचा खाऊच. मग एका सकाळी एका मादीच्या पोटाखाली अंड्यांचा पिवळसर घोस दिसला. ती वीस-पंचवीस अंडी पोटाखालच्या पायांनी सतत हलवत, त्यांना ताजे पाणी पुरवत ती तीन-चार आठवडे हिंडते. अंड्यातून थेट आईचीच मिलिमीटर-दोन मिलिमीटरची प्रतिकृती बाहेर येते, आणि अडीच-तीन महिन्यांत तीही अंडी धरू लागते. चक्रवाढ व्याज मी जन्मभर लोकांना समजावून सांगितले. ते प्रत्यक्ष वाढताना प्रथमच पाहिले. वर्षभरात मोजदाद अशक्य झाली.

आता या वाढाव्याचे करायचे काय? घरी येणाऱ्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला, ‘नदीत सोडून द्या. जीव आहेत, तेवढेच पुण्य!’ देणाऱ्यांच्या मनात दयाच होती. माझे भांडण या दयेशी आहे.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर मातानो नावाचे प्राचीन सरोवर आहे. लाल अंगावर पांढरे ठिपके असलेली तिथली चिमुकली कोळंबी शास्त्रज्ञांनी 2009 साली नोंदवली. ती जगात अन्यत्र कुठेही निसर्गतः नाही. या सरोवरात फ्लॉवरहॉर्न हा मासा शिरला. हा मासा निसर्गाचा नव्हे. शोभेसाठी माणसाने संकरातून घडवलेला. कुणीतरी तो पाण्यात सोडला, तो फोफावला आणि स्थानिक जीव फस्त करू लागला. आज ही कोळंबी अतिसंकटग्रस्त गणली जाते. दूरदेशीच्या काचपेट्यांत तिची पैदास होते आहे आणि स्वतःच्या घरी ती मरणपंथाला लागली आहे. एका हौशी माणसाच्या पेटीतले ‘जीवदान’ दुसऱ्या जिवाच्या मुळावर आले.

हे सारे दूरचे वाटत असेल, तर आपल्या उजनीच्या मच्छीमारांना विचारावे. पेटीतली काच चाटणारा तो ‘सकर’ मासा आता तिथल्या जाळ्यात येतो. माझी चेरी इतकी निरुपद्रवी दिसते. पण तीही जर्मनी-जपानसारख्या देशांत मोकळ्या पाण्यात सुटून स्थिरावली आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत स्वतःची कोळंबी आहे. तिच्या ताटात वाटेकरी आणि अंगावर परके रोग धाडण्याचा अधिकार मला कुणी दिला?

म्हणून मी ठरवले आहे. खाणे हात राखून टाकायचे, म्हणजे वाढही आवरते. वाढावा दुसऱ्या हौशी माणसाला द्यायचा, तोही सहा आठवडे पेटी तयार करून आलेल्यालाच. पाणी बदलताना उपसलेले पाणी ओढ्या-नाल्यात न ओतता कुंड्यांना घालायचे. आणि कुणी घेणारा नसेल, तर पेटी माझी, गर्दी माझी, त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंतची जबाबदारीही माझीच.

परवा नातीने काचेला नाक लावून विचारले, “आजोबा, एवढ्या सगळ्या आपल्याच?” मी हो म्हटले. कोणत्या रकान्यात, ते तिला थोडी मोठी झाल्यावर सांगेन.