झांटिपीचं रडणं

सॉक्रेटिसच्या मरणाची गोष्ट आपण शिबिरांतून नेहमी सांगतो. इ.स.पूर्व ३९९. सत्तर वर्षांचा म्हातारा, अथेन्सचं न्यायालय, शेकडो न्यायपंच. आरोप काय, तर नगराचे देव मानत नाही, नवी दैवतं आणतो, तरुणांना बिघडवतो. प्रश्न विचारणं सोडायला तो तयार नव्हता. क्रिटो या मित्रानं तुरुंगातून पळून जायची सोय केली, तीही त्यानं नाकारली आणि विषाचा पेला घेतला.

मलाही त्याच्याबद्दल आदर आहे. पण मैत्रिणींनो, या गोष्टीतली बाई आपण गाळून टाकतो. प्लेटो लिहितो, शेवटच्या दिवशी मित्र आले तेव्हा झांटिपी मूल घेऊन नवऱ्याजवळ बसली होती. त्यांना पाहताच ती हंबरडा फोडून म्हणाली, आता तुमचं नि मित्रांचं हे शेवटचंच बोलणं. म्हणजे या माणसाला बोलण्यावाचून जगणं नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. त्यानं क्रिटोला सांगितलं, हिला कुणीतरी घरी घेऊन जा. मग पुरुषांनी दिवसभर आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा केली. जगानं झांटिपीला मात्र 'कजाग बायको' एवढंच लक्षात ठेवलं.

तीन मुलगे, त्यांतले दोन लहान. मुलांचं पुढं काय, असं क्रिटोनंही सॉक्रेटिसला विचारलं होतं. तो पुरुषाचा मुद्दा, म्हणून त्याला उत्तर मिळालं, त्याचा ग्रंथ झाला. झांटिपीनं विचारला असता तर ते रडगाणं ठरलं असतं. न्यायपंचांत बसायचा हक्कही अथेन्सच्या बाईला नव्हता.

'मरायची तयारी आहे का?' असं चळवळीत कुणी विचारलं की मला धास्ती वाटते. सोसायला आणि संपायला बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. मला सॉक्रेटिसची दुसरी गोष्ट जवळची वाटते. इ.स.पूर्व ४०४ च्या सुमारास अथेन्सवर तीस जुलमी सत्ताधाऱ्यांचा अंमल होता. त्यांनी सॉक्रेटिससह पाच जणांना हुकूम केला, सॅलमिसच्या लिऑनला मारण्यासाठी पकडून आणा. चौघं गेले. हा सरळ घरी गेला. धोका होताच, पण अन्यायाला त्यानं आपले हात दिले नाहीत.

ही गोष्ट शिबिरात सांगू या. खोट्या जबाबावर अंगठा न उठवणारी, सुनेच्या छळात सामील न होणारी बाई हेच करत असते. आणि आपल्यातली एखादी तुरुंगात गेली, तर तिच्या मुलांचं काय, हा प्रश्न बैठकीत पहिला घेऊ या.