छत्री लावली की सरबत?

परवा भाच्याने गोव्याहून फोटो पाठवला. मागे समुद्र, हातात उंच ग्लास, त्यावर अननसाची फोड आणि कागदाची इवलीशी छत्री. खाली मजकूर : "मामा, पिन्या कोलाडा! रागावू नका, सरबतच आहे हे."

मी रागावलो नाही. पण 'सरबत' या शब्दावर अडलो. पस्तीस वर्षं मराठी शिकवल्याची खोड, दुसरं काय!

मुळात नावच फसवं. स्पॅनिशमध्ये अर्थ 'गाळलेला अननस'. रमचा उल्लेखच नाही. बरं, बेटावरच्या लोकांची ही पिढीजात चीज म्हणावी, तर तसंही नाही. प्वेर्तो रिकोत सान हुआनच्या कारिबे हिल्टन हॉटेलचा दावा असा, की त्यांच्या रामोन मारेरो या बारटेंडरने १९५४ साली ते केलं. जुन्या शहरातलं बाराचिना उपाहारगृह १९६३ सांगून श्रेय स्वतःकडे ओढतं. १९७८ मध्ये ते त्या बेटाचं अधिकृत पेय झालं. भांडण कोणीही जिंको, पेय माझ्यापेक्षा वयाने लहान! त्यातली गोड नारळमलई डब्यातली. नारळही तिथला नव्हे, युरोपीयांनी नेलेला. (आपल्याकडे अननस पोर्तुगीजांनी आणला, म्हणजे फिटंफाट.) आणि रम उसाच्या मळीची, त्या बेटावर उसाच्या मळ्यांत गुलाम राबत होते, १८७३ पर्यंत. छत्रीखाली हे सगळं झाकलं जातं.

असो. माझा आक्षेप पिण्याला नाहीच. तुझं वय झालंय, तू कमावतोस. पण हिशोब मांड. ग्लासात ४० टक्क्यांची रम ५० मिली असेल, तर मद्यार्क २० मिली. ५ टक्क्यांची माडी धरली, तर तेवढाच मद्यार्क पोटात जायला ४०० मिली माडी लागेल. मग आपल्या घरात माडी पिणारा 'बेवडा' आणि पिन्या कोलाडावाला 'हौशी', हे कुठलं गणित? दोन्हींत नारळाचंच झाड ना? फरक एवढाच, की एक विमानाने सुट्टीला गेलेला पितो आणि दुसरा दिवसभर राबून आलेला.

हे तुलाच सुनावतोय असं समजू नकोस. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील माडावर चढून माडी काढायचे. पोरं त्याला 'बेवड्याचा' म्हणून चिडवायची. बापाने कधी थेंब घेतला होता की नाही, कोण जाणे! मी "गप्प बसा रे" म्हणायचो आणि फळ्याकडे वळायचो. त्यापुढे एक शब्द नाही, कारण मनातून मलाही तसंच वाटत होतं. अक्षर फार सुरेख होतं त्याचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. घर शाळेपासून दहा मिनिटांवर होतं. मी चौकशीला गेलो नाही.