शिरवळच्या कंपनीत तुमचा पगार नेमका कोण ठरवतं?

एकाच लाइनवर, एकाच शिफ्टमध्ये दोघं उभे. एक परमनंट, दुसरा ठेकेदाराचा. काम तेच, पगारात मात्र मोठी तफावत. खंडाळा तालुक्यातल्या (लोणावळ्याजवळचं नव्हे, साताऱ्यातलं खंडाळा) शिरवळ-केसुर्डी पट्ट्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. मग मालक आकडा ठरवतो तरी कसा?

सुरुवात होते किमान वेतनापासून. महाराष्ट्रात हे दर उद्योग, कौशल्य आणि परिमंडळ बघून ठरतात. साधारणपणे महापालिका हद्द वरच्या परिमंडळात, ग्रामीण भाग खालच्या. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. शिरवळहून नीरा ओलांडली की पुणे जिल्हा, पण कामगाराचा दर ग्रामीण. डाळ-तेलाला मात्र परिमंडळ नसतं!

कायद्यानं किमान वेतन म्हणजे तळ. यापेक्षा कमी देता येत नाही, जास्त द्यायला कुणाची ना नाही. पण ठेकेदाराच्या हेल्परसाठी बहुतेकदा तोच शेवटचा आकडा ठरतो, कारण तो सोडून गेला तर गेटवर दुसरा उभाच असतो. सीएनसी ऑपरेटरचं तसं नाही. तो शेजारच्या कंपनीत गेला तर मशीन थांबतं, नवा माणूस तयार करायला महिने जातात. म्हणून त्याला जास्त. परमनंट कामगाराच्या मागे युनियन आणि तिचा वेतन करार असतो. थोडक्यात, पगार कामाच्या कष्टावर कमी आणि तुम्ही गेल्यानं मालकाचं किती अडतं यावर जास्त ठरतो.

दुसरा खेळ पगाराच्या स्लिपवर. एकूण 30,000, पण बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 12,000, बाकी घरभाडं, प्रवास वगैरे. दहा वर्षांची ग्रॅच्युइटी 12,000 वर मोजली तर सुमारे 69,000 रुपये. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार असे भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे हिशेब 15,000 वर, रक्कम सुमारे 86,500.

आणि ठेकेदारानं पगार थकवला तर? ‘तो ठेकेदाराचा माणूस’ म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. थकलेलं वेतन द्यायची जबाबदारी मग तिच्यावर येते.