एसटीतल्या आमदारापलीकडचे गणपतराव

एसटीच्या लाल गाडीत विधिमंडळ सदस्यांसाठी एक आसन राखीव असते. त्यावर तशी पाटीही रंगवलेली असते. एरवी तिथे कुणाची तरी पिशवी नाहीतर पेंगणारा प्रवासी दिसतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख मात्र त्या आसनावर खरोखर बसून प्रवास करणारे आमदार. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात वयाच्या 94व्या वर्षी ते गेले, तेव्हा राज्यभरच्या श्रद्धांजल्यांत सगळ्यात जास्त हीच गोष्ट सांगितली गेली. अकरा वेळा आमदार, तरी एसटीने फिरायचे, आमदार निवासात राहायचे.

गोष्ट खरी आहे. पण ती इतक्यांदा सांगितली गेली की तिच्याआड मूळ माणूस झाकला गेला. साधेपणामुळे कुणी पाच दशके निवडून येत नाही. तसे असते तर महाराष्ट्रात सायकलवरून फिरणाऱ्या कितीतरी प्रामाणिक कार्यकर्त्यांची अनामत रक्कम जप्त झाली नसती. गणपतराव निवडणूक लढवण्यात आणि मतदारसंघ बांधण्यात मुरलेले, हिशेबी राजकारणी होते, आणि हे म्हणण्यात त्यांचा यत्किंचितही अवमान नाही.

मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा जन्म, वकिलीचे शिक्षण, आणि पक्ष शेतकरी कामगार (शेकाप). काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्या मंडळींनी उभा केलेला हा पक्ष त्या काळी बहुजन समाजातल्या शिकलेल्या तरुणांना ओढून घेत होता. 1962 साली, संयुक्त महाराष्ट्राच्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत, गणपतराव सांगोल्यातून निवडून आले. यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसने राज्य जवळपास झाडून नेले, त्या निवडणुकीत शेकापच्या वाट्याला पंधरा जागा आल्या. त्यांतली ही एक. 1967 साली ते पुन्हा जिंकले.

1972 साली मात्र पडले.

चरित्रात्मक लेखांत हा पराभव एका अर्ध्या वाक्यात उरकला जातो. खरे तर आबांची, म्हणजे गणपतरावांची, कारकीर्द समजून घ्यायची तर 1972 आणि 1995 या दोन पराभवांपाशीच थांबावे लागते. पहिल्या पराभवाच्या वर्षीच महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ कोसळला. सांगोला म्हणजे माणदेशाच्या कडेचा, माण नदीकाठचा तालुका. पाऊस पडला तर पडला, नाहीतर वर्षभर आभाळाकडे बघायचे. आमदारकी नव्हती, पण माणूस तालुक्यातून हलला नाही. 1974च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत पाठवले आणि मग सलग एकवीस वर्षे ते सभागृहात राहिले. मधल्या काळात 1977-78 मध्ये विरोधी पक्षनेते झाले, 1978 साली शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री झाले आणि पुढे 1999 साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही होते. मंत्रिपदाने त्यांच्या नावात फारशी भर पडली असे वाटत नाही. त्यांचा जीव विरोधी बाकावर आणि तालुक्यातच जास्त रमला.

1995चा पराभव झाला 192 मतांनी. एका मोठ्या लग्नातल्या एका पंगतीत याहून जास्त माणसे जेवतात. पाडणारे होते काँग्रेसचे शहाजीबापू पाटील, म्हणजे तेच बापू, जे पुढे 2022च्या जूनमध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर झाडी-डोंगाराचे वर्णन करून एका रात्रीत घराघरांत पोहोचले. बापूंना लोक त्या ध्वनिफितीवरून ओळखतात, पण त्यांची खरी ओळख चिकाटी ही आहे. 1995 नंतर दुसऱ्यांदा आमदार व्हायला त्यांना चोवीस वर्षे लागली. मधल्या पराभवांनंतरही त्यांनी मैदान सोडले नाही. असा प्रतिस्पर्धी समोर असताना सांगोला हा कुणाचा बालेकिल्ला होता असे म्हणणे म्हणजे दोघांच्याही कष्टांवर पाणी ओतणे आहे.

मग गणपतरावांना मते येत कुठून होती? एक उत्तर नेहमी दबक्या आवाजात दिले जाते: जात. गणपतराव धनगर समाजातले आणि सांगोल्यात त्या समाजाचे मतदान मोठे. हा आधार होताच, तो नाकारणे भाबडेपणाचे ठरेल. पण धनगर मतदार मोठ्या संख्येने असलेले मतदारसंघ राज्यात इतरही आहेत. तिथे एकाच माणसाला, एकाच पक्षातून, बहुतेक काळ सत्तेबाहेर राहून अकरा वेळा गुलाल लागलेला नाही.

दुसरे उत्तर तालुक्यात फिरल्यावर दिसते. सांगोल्यात कापूस पिकत नाही, पण सूतगिरणी आहे. शेतकऱ्यांच्या सहकारातून आबांनी ती उभी केली. राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्यांच्या आवारात कुसळे उगवली, संचालकांच्या गाड्या तेवढ्या वाढल्या. सांगोल्याची गिरणी मात्र नीट चालवलेली गिरणी म्हणून नावाजली गेली. ज्या घरातला माणूस पाळीला जातो, त्या घराला आमदार कोण हे जाहीर सभेत सांगावे लागत नाही. प्रचाराचा खर्च कमी ठेवणाऱ्या उमेदवाराची ही खरी प्रचारयंत्रणा असते, आणि ती निवडणूक जाहीर झाल्यावर उभी करता येत नाही.

तिसरी गोष्ट पाणी. 1993 साली क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर गणपतरावांनी आटपाडीत दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद भरवली. सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतल्या कोरड्या पट्ट्याला कृष्णेचे पाणी मिळालेच पाहिजे, ही मागणी. परिषद एकदा भरवून फोटो काढून सोडली नाही, वर्षानुवर्षे भरत राहिली. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांमागे जो रेटा होता त्यात या परिषदेचा वाटा मोठा. कराडजवळ टेंभूला अडवलेले पाणी टप्प्याटप्प्याने उचलत आटपाडी-सांगोल्याकडे आणायचे, हे काम एका पंचवार्षिकात होणारे नव्हते. त्याला असा माणूस लागतो, जो दर अधिवेशनात तोच प्रश्न नव्याने विचारायला कंटाळत नाही. आज सांगोला डाळिंबासाठी देशभर ओळखला जातो. ती किमया मुळात थेंब थेंब पाणी जपणाऱ्या शेतकऱ्याची, पण कालव्याच्या शेपटाला पाणी आले की नाही हे विचारणारा आमदार त्याच्या पाठीशी होता.

अकरा वेळा निवडून येण्याच्या विक्रमाची मात्र हवा जास्त झाली. देशात केरळचे के. एम. मणी पालातून तेरा वेळा निवडून आले आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून सलग बारा वेळा. गणपतरावांची थोरवी आकड्यात शोधायची गरज नाही. उलट, मध्ये दोनदा पडून पुन्हा उठणे हे सलग जिंकण्याहून अवघड आहे.

खरा चक्रावून टाकणारा आकडा वेगळा आहे. 1967 साली शेकापचे 19 आमदार होते, 1978 साली 13. 2014 साली, मोदी लाटेत, उरले तीन. त्या तिघांत नव्वदीच्या उंबरठ्यावरचे गणपतराव होते आणि तेही सुमारे 25 हजारांच्या फरकाने. पक्ष राज्यभर आटत गेला आणि सांगोला तेवढा हिरवा राहिला. याचे श्रेय द्यायचे तर गणपतरावांना द्यावे लागते, आणि मग जाबही त्यांनाच विचारावा लागतो. पन्नासहून अधिक वर्षे सभागृहात काढलेल्या, सर्व पक्षांत मान असलेल्या या नेत्याने आपली कार्यपद्धती शेजारच्या तालुक्यांत का रुजवली नाही? पाणी परिषद तेरा तालुक्यांची होती, तिचे राजकीय पीक मात्र एकाच तालुक्यात उगवले. बाकी ठिकाणी त्याच दुष्काळग्रस्तांची मते काँग्रेस, राष्ट्रवादी आणि पुढे भाजप-सेनेने उचलली.

दुसरा जाब उमेदवारीचा. 2019 साली वयोमानामुळे आबा थांबले आणि अखेर उमेदवारी आली ती नातवाकडे, डॉ. अनिकेत देशमुख यांच्याकडे. शहाजीबापूंनी त्यांना 768 मतांनी हरवले. दर मतदान केंद्रामागे जेमतेम दोन-तीन मते. 2024 साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले. शिंदेंच्या सेनेचे शहाजीबापू आणि ठाकरेंच्या सेनेचे दीपक साळुंखे एकमेकांसमोर आल्याने लढत तिरंगी झाली आणि बाबासाहेब सुमारे 25 हजार मतांनी निवडून आले. मतदारांनी घराण्याला मत दिले की कामाच्या आठवणीला, हे पेटीतून कळत नाही. नातू असणे हा गुन्हा नाही, डॉक्टर होऊन तालुक्यात राहणे ही तर चांगलीच गोष्ट. पण ज्या पक्षाने आयुष्यभर वतनदारीविरुद्ध भाषणे केली, त्याच्या सर्वांत मजबूत तालुक्यात साठ वर्षांनी आबांनंतरची पहिली दोन नावे त्यांच्याच घरातून यावीत, हे कार्यकर्ता घडवण्यातले अपयश आहे. शेकापच्या शिबिरांतून एकेकाळी खेड्यापाड्यांतली पोरे तासभर अर्थकारणावर बोलायला शिकत. ती शिबिरे आटली तिथेच उमेदवारही आटले.

म्हणून पुढच्या खेपेला कुणी गणपतरावांची एसटीची गोष्ट सांगू लागला, तर त्याला आपल्या आमदाराविषयी दोन प्रश्न विचारावेत. त्या आमदाराने उभी केलेली कोणती संस्था आज नफ्यात चालते? आणि पडल्यानंतरची पाच वर्षे ते कुठे होते? गाडी कोणती, हे नंतर विचारले तरी चालेल.