‘आजीवन’ म्हणजे नक्की कुणाचं जीवन?

गिटार बनवणाऱ्या मोठ्या परदेशी कंपन्यांच्या कागदावर एक भारदस्त शब्द असतो: ‘लाइफटाइम वॉरंटी’. मार्टिन देते, गिब्सन देते, टेलर देते. ऐकणाऱ्याला वाटतं, वाद्य टिकेल तोवर कंपनी पाठीशी आहे. बारीक अक्षरं वाचली की कळतं, इथलं जीवन वाद्याचं नाहीच, ते पहिल्या मालकाचं आहे. मालक वारला किंवा त्याने गिटार पोरीच्या हाती दिली, की आजीवन हमी त्याच दिवशी संपली.

लाकडी वाद्य माणसापेक्षा जास्त जगतं, हे सगळ्यात आधी कुणाला ठाऊक असेल तर ते बनवणाऱ्यालाच. तरीही हमी माणसाच्या आयुष्याला बांधायची, यात मला हिशोब दिसतो, औदार्य दिसत नाही. कारण गिटारचं खरं मोठं दुखणं उशिरा येतं. सहा तारांचा मिळून ताण साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलो असतो. तो ताण वीस-तीस-चाळीस वर्षं रात्रंदिवस लागला की वरची फळी ब्रिजमागे फुगते, मानेचा कोन बदलतो आणि तारा पट्टीपासून वर जातात. बाराव्या पडद्यावर दोन-अडीच मिलिमीटर असायला हवं ते अंतर पाचवर गेलं, की बोटं सोलून निघतात आणि सूरही फसतो. याला उपाय आहे. एक पडदा काढून बारीक भोक पाडायचं, सांध्यात वाफ सोडायची, जुना सरस सैल करायचा, मान काढून तिची टाच किंचित तासायची आणि पुन्हा बसवायची. काम नाजूक असलं तरी जादू नव्हे.

धुळ्याच्या माझ्या मामांनी १९९१ साली आखातातून आणलेली गिटार आज त्यांच्या मुलीकडे आहे. मामा गेले. मान उचलली गेली म्हणून तिने कंपनीला लिहिलं. कोणत्या, ते सोडून देऊ, उत्तर कुणाकडूनही हेच आलं असतं. त्यात दोन वाक्यं होती. हमी पहिल्या मालकापुरती. आणि पहिला मालक असता तरी उष्णता व आर्द्रतेमुळे झालेलं नुकसान हमीत बसत नाही.

हे दुसरं वाक्य खानदेशच्या माणसाने नीट वाचावं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो, हवा कोरडीठाक. जूनअखेर तीच हवा ओलीचिंब. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता हवी, असं कंपन्या सांगतात. म्हणजे आमच्याकडे वर्षातले बरेच महिने हमीबाहेरचे. लाकूड आडवं आकसतं, पडद्यांची टोकं बाहेर येऊन हाताला लागतात, फळीला रेषेत चीर जाते. कागदाच्या लेखी हा दोष वाद्याचा नाही, आमच्या गावाचा आहे.

आणि लाकूड कुठलं? १९६९ मध्ये ब्राझीलचं शिसव मिळेनासं झालं, तेव्हा मार्टिनने भारतीय शिसव घ्यायला सुरुवात केली, मग इतरांनीही. आमच्या सह्याद्रीतलं लाकूड यांना चालतं, आमचं हवामान तेवढं चालत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. हमीची अट काढली तर लोक गिटार कोपऱ्यावरच्या कुणाकडेही नेतील, तो सांध्यात एपॉक्सी भरेल आणि वाद्य कायमचं जाईल. खरं आहे. सरस वाफेने सुटतो, एपॉक्सीने चिकटवलेला सांधा धड उघडत नाही. पण कारागिराला हे का माहीत नाही? सांध्याचे नकाशे, सुटे भाग, प्रशिक्षण, सगळं अधिकृत केंद्रांच्या भिंतीआड आहे म्हणून. ज्ञान दाबून ठेवायचं आणि मग अज्ञानाकडे बोट दाखवायचं, हा युक्तिवाद नव्हे, कांगावा आहे.

हात शिकू शकतात, याचा पुरावा बघायला लांब जायला नको. रावेर-यावलकडे केळीच्या बागेतली मोटर जळली तर शेतकरी तीन आठवडे कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसत नाही. भर उन्हाळ्यात बाग तेवढी थांबत नाही. तालुक्याच्या गावात मोटर भरून देणारा असतो. तो तांब्याच्या तारेचे वेढे मोजतो, जुनी तार काढतो, नवी भरतो. हे त्याला कुठल्या कंपनीने शिकवलं नाही. मोटर उघडता येते म्हणून तो शिकला.

मिरजेचं उदाहरण तर वाद्यांचंच आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या गावाचं नाव मानांकनाच्या खूप आधीचं आहे आणि ते दुरुस्तीवरही उभं आहे. तंबोऱ्याची जवारी तारेच्या घासण्याने झिजते, ती पुन्हा पुन्हा लावावी लागते. भोपळा तडकतो, तोही सांधला जातो. तंबोरा आजोबांच्या नावावर घेतला की नातवाच्या, असं कारागीर विचारत नाही. तंबोरा आला म्हणजे गिऱ्हाईक आलं. आजीवन या शब्दाला शोभणारं काही असेल तर ते हे, आणि त्याला कागद लागत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे मुक्त सॉफ्टवेअरचे परवाने असतात. एमआयटीचा प्रसिद्ध परवाना जेमतेम काही ओळींचा आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की कसलीही हमी नाही, जसं आहे तसं घ्या. पण सोबत मूळ कोड मिळतो. उघडा, बदला, दुरुस्त करा, दुसऱ्याला द्या. जगातला किती कारभार या ‘हमी नाही’वर चालतो! गिटारवाल्यांचा सौदा नेमका उलटा आहे: हमी आहे, पण उघडायचं नाही. दोन्हींतलं एकच निवडायचं असेल तर मी हमी सोडीन.

दोन्ही मिळणं अशक्यही नाही. अमेरिकेतल्या १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार, ‘आमचेच भाग आणि आमचीच सेवा, नाहीतर हमी रद्द’ अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही, ती सेवा फुकट देत असेल तरच गोष्ट वेगळी. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. वाद्यं त्यात नाहीत. वाद्य म्हणजे चैन, असा समज त्यामागे असावा. ज्या भजनी मंडळाची पेटी तीन पिढ्या चालते त्याला विचारा, चैन कशाला म्हणतात.

रचनेतूनही वाट निघते. टेलरने १९९९ मध्ये मानेची नवी रचना आणली. मान बोल्टवर बसते, पातळ पट्ट्या बदलून कोन दुरुस्त होतो, वाफेची गरजच नाही. म्हणजे मनात आणलं तर दुरुस्तीला सोपं वाद्य कारखान्यात घडवता येतं.

म्हणून मागणी तीनच गोष्टींची. हमी वाद्याच्या क्रमांकाला जोडा, मालकाच्या नावाला नको. बाहेरच्या कारागिराच्या हातून नुकसान झालं तर तेवढंच हमीतून वगळा, सगळी हमी रद्द करू नका. आणि सांध्यांचे नकाशे व सुटे भाग कुणालाही विकत मिळू द्या. यातलं काही जमणार नसेल, तर कागदावरचा ‘लाइफटाइम’ खोडा आणि ‘मालक असेतोवर, हवा बरी असेतोवर’ असं स्वच्छ छापा. मग जळगावच्या दुकानात गिऱ्हाईक निदान खरं काय ते वाचून पैसे मोजेल.