नाव सारखे म्हणून गाव तेच?

भातकुली म्हणजे रुक्मीचे भोजकट. अमरावती जिल्ह्यात हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की त्याला पुरावा मागणे उद्धटपणाचे वाटावे. तरीही कोणी मागितलाच, तर उत्तर ठरलेले असते: नावच पाहा ना! या धाग्याचा वाद त्या उत्तराशी आहे. भातकुलीशी नाही, आणि रुक्मीशी तर मुळीच नाही.

आधी कथा. कृष्णाने रुक्मिणीचे हरण केले. तिला परत आणल्याखेरीज कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून तिचा भाऊ रुक्मी पाठलागावर निघाला आणि पराभूत झाला. शब्दाला बांधलेला तो राजपुत्र घरी परतला नाही. त्याने भोजकट हे नवे नगर वसवले. भातकुलीचे जैन तीर्थ आणि तेथील आदिनाथांची मूर्ती यांची परंपराही रुक्मीच्याच घराण्याशी नाते सांगते. श्रद्धा म्हणून या कथेला कोणाच्याही दाखल्याची गरज नाही. मात्र तिच्यापुढे ‘इतिहासाने सिद्ध’ असे शब्द जोडले की इतिहासाचे नियम लागू होतात.

पहिला नियम भाषेचा. संस्कृत शब्द प्राकृतातून मराठीत येताना मनमानी करीत नाहीत. दोन स्वरांमधला ‘ज’ बहुधा गळतो: राजकुलाचे राऊळ झाले. ‘ट’चा ‘ड’ होतो: वटाचा वड झाला, घोटकाचा घोडा. या वाटेने भोजकट चालत आले असते तर भोयकड, भोकड असे काहीतरी कानी पडले असते. भातकुलीतला ‘त’ आणि शेवटचे ‘कुली’ कोठून आले, हे भोजकटवाद्यांनी सांगावे. नुसत्या कानावर विसंबायचे, तर मराठी माणसाला भातकुलीवरून प्रथम भातुकली आठवते. तेवढ्यावरून हे गाव खेळातल्या चूलबोळक्यांनी वसवले असे कोणी म्हणत नाही, हे नशीब.

ग्रामनामे नेहमीच नियमाने बदलतात असे नाही, हे मान्य. म्हणूनच ध्वनीला दुसऱ्या साक्षीदाराची जोड लागते. ती कशी मिळते, याचा उत्तम नमुना याच जिल्ह्यात आहे. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला हा लेख चर्मांक नावाचे गाव दान देतो. चर्माचे चम्म होणे प्राकृताच्या नियमाला धरून आहे; पण निर्णायक गोष्ट ही की पट चम्मकमध्येच मिळाला. नाव आणि जागा यांनी एकच साक्ष दिली.

आणि हे चर्मांक कोणत्या प्रदेशात होते? ताम्रपट स्वतःच सांगतो: भोजकट राज्यात.

येथे क्षणभर थांबायला हवे. ज्या नावासाठी पुराणकथेचे दाखले शोधले जातात, ते नाव तांब्यावर कोरलेले, राजाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षाचा उल्लेख असलेले, जिल्ह्याच्या मातीतच सापडले आहे. शत्रुघ्नराजाचा पुत्र कोंडराज याच्या विनंतीवरून राजमानाने मोजलेली ८००० भूमी १००० ब्राह्मणांना दिली गेली. त्यांपैकी ४९ जणांची नावे पटावर आहेत. दानाला अटीही आहेत. घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. तसे केल्यास राजाने जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. दान देतानाच ते परत घेण्याचे कलम लिहून ठेवणारा हा राजा अभ्यासकांना किती प्रश्न पुरवतो! पण त्या प्रश्नांत रस कोणाला? रुक्मीचा रथ कोणत्या वाटेने गेला, यावर मात्र शेकडो प्रतिक्रिया पडतात.

नामसाम्याचा भरवसा किती धरावा, हे याच पटावरून कळते. तो प्रवरपुराहून दिलेला आहे. आता कल्हणाची राजतरंगिणी उघडली तर तिथेही एक प्रवरसेन राजा भेटतो, त्यानेही प्रवरपूर वसवलेले असते. ते नगर म्हणजे आजचे श्रीनगर. राजाचे नाव तेच, राजधानीचे नाव तेच. तरी एक काश्मीरचा आणि दुसरा विदर्भाचा. ‘सेतुबंध’ या प्राकृत काव्याचे श्रेय काही जुन्या अभ्यासकांनी काश्मीरच्या प्रवरसेनाला दिले, ते याच गोंधळातून. वाकाटकांचे प्रवरपूर वर्ध्याजवळचे पवनार, असे वा. वि. मिराशींनी मांडले, मनसरच्या उत्खननानंतर तिकडेही बोटे दाखवली गेली. मिराशींनीही नुसते नाव पुढे केले नव्हते, पवनारची शिल्पे पुढे ठेवली होती. याच प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही चंद्रगुप्ताची मुलगी, असे वाचून मौर्यांपर्यंत उडी मारणारेही भेटतात. त्या दोन चंद्रगुप्तांमध्ये सुमारे सात शतके आहेत.

भोजाचीही तीच गत. भोजकट म्हटले की कोणीतरी धारचा राजा भोज काढतोच. तो अकराव्या शतकातला परमार. प्रतीहारांचा मिहिरभोज नवव्या शतकातला, आणि कोल्हापूरच्या शिलाहारांतला दुसरा भोज त्याहून वेगळा. उलट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ‘भोज’ येतात ते लोक म्हणून, कोणी एक राजा म्हणून नव्हे. भोजकटातला भोज बहुधा त्या जुन्या जनांचा. त्याला धारच्या दरबारात नेऊन बसवणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे.

आता खरी कसोटी. अरुणाचल प्रदेशात रोइंगजवळ भीष्मकनगर आहे. खाली सदियाकडे कुंडिल नावाची नदी वाहते. तेथील इदू मिश्मी रुक्मिणीला आपल्या कुळातली मानतात, आणि २०१८ पासून गुजरातच्या माधवपूरच्या जत्रेत हे नाते सरकारी थाटात साजरे होते. वऱ्हाडात याचा राग येतो. भीष्मक विदर्भाचा, कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर, हे कोण नाकारतो?

राग समजण्यासारखा आहे. पण कुंडिल-कुंडिन हे साम्य भातकुली-भोजकट यापेक्षा कितीतरी जवळचे आहे! नावावरून गाव ठरणार असेल तर रुक्मिणी अरुणाचलात जाते आणि वऱ्हाडाला तोंड उघडता येत नाही. मापटे एकच हवे. कौंडण्यपूरची बाजू भक्कम होते ती ग्रंथांतल्या विदर्भाच्या सातत्यपूर्ण उल्लेखांमुळे, आणि मो. गं. दीक्षितांनी १९६०च्या दशकात तिथे केलेल्या उत्खननातून प्राचीन वस्तीचे थर उघडे पडल्यामुळे. तोच न्याय भातकुलीला लावला तर एवढेच म्हणता येते: गाव भोजकट राज्याच्या संभाव्य टापूत आहे, तिथे जुने तीर्थ आहे, आणि नगर तेच होते हे ठरवणारा लेख अद्याप हाती नाही. ‘शक्य आहे’ आणि ‘सिद्ध आहे’ यांमधले अंतर भातकुली-अमरावती एवढे नाही की एका बसफेरीत कापावे.

या घाईत हरवते कोण? मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपाच्या कठड्यावर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास, एका दानाची नोंद कोरली गेली. दान देणारी एक बौद्ध भिक्खुणी. नाव दिग्नागा, गाव भोजकट. पुढे कित्येक शतकांनी याच नावाचा थोर बौद्ध तर्कपंडित दक्षिणेत झाला. त्याचा हिच्याशी संबंध जोडू नये, हे आता वेगळे सांगायला नको.

रुक्मीच्या नावाने भातकुलीत अभिमानाने बोलणाऱ्या किती तरुणांनी या बाईचे नाव ऐकले असेल? तिचे भोजकट भातकुलीच्या मातीखाली असेल किंवा वऱ्हाडातल्या दुसऱ्याच एखाद्या पांढरीखाली. पण ती खरी होती, तिने विंध्यापलीकडच्या स्तूपाला दगड दिला, आणि दगडावर आपल्या नावाबरोबर आपल्या गावाचे नाव कोरून घेतले.