निर्बीजीकरणाने काय जाते आणि काय राहते

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला की निर्बीजीकरणाविरुद्ध लिहिणाऱ्यांचा एक वर्ग हटकून जागा होतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की निर्बीजीकरण केलेला कुत्राही चावतोच, तेव्हा या शस्त्रक्रियेवरचा खर्च म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. शिवाय ती निसर्गाच्या विरुद्ध आहे, तिने कुत्रा लठ्ठ आणि रोगट होतो, राखणीच्या कामाचा राहत नाही, आणि कुत्रीला निदान एकदा पिल्ले होऊ न देता तिची पिशवी काढणे हा तिच्यावर अन्याय आहे. या मांडणीतली मौज तिच्या कर्त्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. पहिल्या वाक्यात शस्त्रक्रियेने कुत्र्यात काहीच फरक पडत नाही आणि दुसऱ्या वाक्यात तीच शस्त्रक्रिया त्याच्या स्वभावाचे, शरीराचे आणि उपयुक्ततेचे वाटोळे करते. दोन्ही आरोप खरे ठरायचे तर कुत्र्याने चावण्यापुरते आपले पूर्वतेज जपून ठेवले पाहिजे आणि बाकी सर्व बाबतींत मात्र गलितगात्र झाले पाहिजे. असा कुत्रा अद्याप कोणत्याही पशुवैद्यकाच्या टेबलावर आलेला नाही.

निर्बीजीकरण म्हणजे भूल देऊन नराचे दोन्ही वृषण आणि मादीची दोन्ही अंडाशये, बहुधा गर्भाशयासह, काढून टाकणे. संततीची क्षमता जाते हे उघडच आहे. पण त्याबरोबर या ग्रंथींतून रक्तात मिसळणारी लैंगिक संप्रेरके, म्हणजे शरीराच्या एका भागात तयार होऊन दूरच्या भागांना कामाला लावणारी रसायने, तीही जवळजवळ थांबतात. म्हणून या शस्त्रक्रियेचा गुणदोष ठरवायचा तर कुत्र्याचे कोणते वर्तन आणि कोणता आजार या संप्रेरकांवर अवलंबून आहे आणि कोणता नाही, एवढे पाहावे लागते. हे न पाहता ‘फरक पडतो की नाही’ असा एकच ढोबळ प्रश्न विचारणाऱ्याला मिळणारे उत्तरही ढोबळच असणार.

प्रतिपक्षाचा लाडका मुद्दा चावण्याचा आहे, तेव्हा तो सावकाश पाहिला पाहिजे. कुत्र्याचे चावणे ही एकच गोष्ट आहे असे गृहीत धरूनच हा सगळा वाद रंगतो, आणि गृहीतक तिथेच चुकते. माजावर आलेल्या मादीमागे धावणारे चार नर आपापसांत भिडतात आणि सोडवायला गेलेल्याच्या हाताचा लचका तुटतो, हे एक चावणे. अंधारात पायाखाली आल्यामुळे घाबरलेला कुत्रा चावतो, हे दुसरे. आपल्या फाटकाशी किंवा मटणाच्या दुकानासमोरच्या आपल्या हद्दीत परका शिरला म्हणून चावतो, ते तिसरे. जिन्याखाली, बंद पडलेल्या रिक्षाखाली किंवा बांधकामाच्या वाळूत खड्डा करून व्यालेली मादी, डोळे न उघडलेल्या पिल्लांच्या दिशेने कोणी मूल दोन पावले टाकते न टाकते तोच झेपावते, हे चौथे. आणि रेबीज झालेला कुत्रा चावतो ते पाचवे, त्याचा स्वभावाशी काहीही संबंध नाही. या पाचांपैकी पहिल्याचे आणि चौथ्याचे मूळ प्रजननात आहे, दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे भीतीत, हद्दीत आणि अनुभवाने जडलेल्या सवयीत आहे, आणि पाचव्यावर इलाज लस हाच आहे.

संशोधनही हेच सांगत आलेले आहे. प्रौढ नरांच्या खच्चीकरणावरचा १९७६ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील अभ्यास लहान होता, अवघ्या ४२ कुत्र्यांचा. पण त्यात शस्त्रक्रियेनंतर सुमारे ९० टक्के कुत्र्यांचे भटकणे कमी झाले, नरानराची मारामारी, दुसऱ्यावर चढणे आणि जागोजागी तंगडी वर करून मुताची खूण ठेवणे हेही पुष्कळांच्या बाबतीत उतरले, आणि भीतीपोटी किंवा हद्दीपायी होणारे आक्रमण मात्र होते तसेच राहिले. १९९७ साली ५७ कुत्र्यांवरच्या दुसऱ्या अभ्यासातून निघालेला अर्थ याहून फारसा वेगळा नाही. किंबहुना अलीकडे, मालकांनी भरलेल्या हजारो प्रश्नावल्यांवरून केलेल्या पाहण्यांत असेही दिसले आहे की फार लहान वयात शस्त्रक्रिया झालेले काही कुत्रे अधिक भित्रे असतात, आणि काही माद्या शस्त्रक्रियेनंतर अनोळखी माणसाशी अधिक तुसड्या वागतात. तेव्हा ‘शस्त्रक्रिया केली की कुत्रा गाय होतो’ असे सांगणारे श्वानप्रेमी आणि ‘शस्त्रक्रिया करूनही चावला, म्हणजे ती फसली’ असे सांगणारे श्वानद्वेष्टे हे एकाच चुकीचे दोन वारसदार आहेत. पहिल्यांनी नको ते वचन दिले आणि दुसऱ्यांनी ते पाळले नाही म्हणून खटला भरला.

गल्लीतल्या चाव्यांचा हिशेब मांडताना चौथा प्रकार विसरला जातो, कारण तो वर्षभर सारखा नसतो. भारतातल्या मोकाट कुत्र्यांचा विणीचा हंगाम बव्हंशी पावसाळा सरता सरता सुरू होतो. भाद्रपदातल्या कुत्र्यांचा उल्लेख मराठी माणूस शिवी म्हणून करतो, पण ते अचूक निरीक्षणही आहे. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणजे हिवाळा लागता लागता पिल्ले जमिनीवर येतात. जयपूरमध्ये १९९४ पासून माद्यांवर भर देऊन पद्धतशीर निर्बीजीकरण आणि रेबीजचे लसीकरण झाले. त्यात सुमारे ६५ टक्के माद्यांपर्यंत काम पोहोचल्यावर तिथली कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटल्याची नोंद २००६ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढे २०१३ साली त्याच शहरातल्या श्वानदंशांचा जो अभ्यास आला त्यात दंशांची संख्या उतरलेली आढळली. त्यातले खरे मर्म असे, की दंश वर्षभर विखुरलेले नव्हते. व्यालेल्या माद्या पिल्ले राखतात त्या काळाच्या मागोमाग त्यांची लाट येत होती. पिल्लेच नसतील तर पिल्लांसाठी चावणारी आईही नसते. ‘शस्त्रक्रिया झालेला कुत्रा चावताना पाहिला’ हा पुरावा या हिशेबापुढे टिकत नाही, कारण प्रश्न एका कुत्र्याच्या दातांचा नसून वस्तीतल्या एकूण दंशांचा आहे. शस्त्रक्रिया झालेली मादी कदाचित आयुष्यात एकदा चावेल. न झालेली प्रत्येक विणीला चावण्याचे नवे कारण घेऊन बसेल.

इथे एका जुन्या वादाकडे वळणे भाग आहे, कारण या विरोधकांच्या लेखांचा शेवट बहुतेक वेळा ‘त्यापेक्षा सरळ मारून टाका’ या सूचनेत होतो आणि ती सूचना जणू आजच सुचली आहे अशा थाटात केली जाते. मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले आणि दंगल झाली. त्यानंतरही देशातल्या अनेक शहरांनी दशकानुदशके कुत्री मारली, आणि तरीही त्या शहरांत कुत्री राहिलीच, कारण उकिरडा तसाच होता आणि रिकाम्या झालेल्या जागेत शेजारच्या वस्तीतली, लस न टोचलेली, तरणी कुत्री येऊन स्थिरावत होती. पावणेदोनशे वर्षांचा प्रयोग पुरेसा वाटत नसेल तर आणखी किती वर्षे द्यावीत हे सुचवणाऱ्यांनीच सांगावे.

अर्थात निर्बीजीकरणाच्या बाजूच्या पत्रकांतही अतिशयोक्ती कमी नाही. एका जोडीपासून सहा वर्षांत ६७ हजार कुत्री होतात हे वाक्य गेली कित्येक वर्षे भिंतींवर चिकटलेले आहे. ते गणित जन्मलेले प्रत्येक पिल्लू जगते असे धरून केलेले आहे. कोलकात्यात ३६४ पिल्लांवर ठेवलेल्या पाळतीत सातव्या महिन्यापर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्ले जगल्याचे दिसले, आणि बाकीची बहुतांशी माणसाच्या चाकाखाली, काठीखाली किंवा हाताने गेली. ६७ हजारांची भीती घालण्यापेक्षा हे सांगितले असते तरी शस्त्रक्रियेची बाजू लंगडी पडली नसती.

निसर्गाच्या विरुद्ध, हा आक्षेप घेणाऱ्यांनी खोंड बडवून बैल करणाऱ्या आणि पोळ्याला त्याच बैलाला पुरणपोळी भरवणाऱ्या महाराष्ट्रात तो कोणत्या तोंडाने घ्यावा, हा त्यांचा प्रश्न आहे. लठ्ठपणाचे उत्तर एका ओळीचे आहे : शस्त्रक्रियेनंतर अन्नाची गरज घटते आणि भूक वाढते, म्हणून ताटलीतले अन्न घरच्यांनीच कमी करायचे असते, आणि ते न करणाऱ्याने दोष शल्यचिकित्सकाला देऊ नये. राखण ही हद्दीची वृत्ती आहे, ती वृषणांत राहत नाही.

एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, हे मत मात्र नुसते चुकीचे नाही, तर घातकही आहे. माजावर येऊन गेलेल्या, पण शस्त्रक्रिया न झालेल्या मादीच्या गर्भाशयाचे अस्तर प्रत्येक वेळी जाड होत जाते आणि माज ओसरल्यावर काही आठवड्यांत त्यात जिवाणू वाढून पू साठण्याचा धोका असतो. या विकाराला पायोमेट्रा म्हणतात. कुत्री अचानक पाणी फार पिऊ लागते, जेवण सोडते, शेपटीखाली दुर्गंधी स्राव दिसतो, आणि गर्भाशयाचे तोंड मिटलेले असेल तर तोही दिसत नाही, फक्त पोट फुगते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर एरवी पेन्सिलीएवढी असणारी गर्भाशयाची शिंगे पुवाने तट्ट फुगून मनगटाएवढी झालेली निघतात. स्वीडनमध्ये १९८८ पर्यंत वैद्यकीय कारणाशिवाय कुत्र्यांचे निर्बीजीकरण करायला मनाई होती आणि पुढेही तिथे ते फारसे रुळले नाही, त्यामुळे तिथल्या विम्याच्या नोंदींनी हा धोका मोजता आला : दहा वर्षांच्या आत सुमारे एक चतुर्थांश माद्यांना पायोमेट्रा होतो. एका वितीने हा धोका टळत नाही. शिवाय आपल्या रस्त्यांवर समागमातून पसरणारा लैंगिक अवयवांचा संसर्गजन्य अर्बुद हा आजार सर्रास आढळतो, आणि ‘निसर्ग’ मोकळा सोडण्याचा तोही एक प्रसाद आहे.

तरीही शस्त्रक्रिया सर्वगुणसंपन्न आहे असे म्हणता येत नाही. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या बंद करण्याचे काम लैंगिक संप्रेरके करतात. ती लवकर थांबली तर पट्ट्या उशिरा मिटतात, पाय थोडे लांब होतात आणि जड कुत्र्याच्या सांध्यांवर विपरीत भार येतो. कॅलिफोर्नियातील डेव्हिसच्या विद्यापीठातून २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचा आणि २०२० साली ३५ जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अनेक मोठ्या जातींत वर्षाच्या आत केलेल्या शस्त्रक्रियेनंतर सांध्यांचे विकार वाढलेले दिसले, लहान जातींत मात्र तसे दिसले नाही. मोठ्या जातींच्या माद्यांत पुढे लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास काहींना होतो आणि त्यावर औषध आहे. पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया केल्यास स्तनांच्या गाठींचा धोका अर्ध्या टक्क्यावर येतो हे १९६९ सालचे प्रसिद्ध अनुमान २०१२ च्या पुनरावलोकनाने फारसे भक्कम पुराव्यावर उभे नसल्याचे ठरवले. आणि अमेरिकेतील चाळीस हजारांवर कुत्र्यांच्या मृत्यूंच्या नोंदींत, शस्त्रक्रिया झालेली कुत्री सरासरी ९.४ वर्षांची आणि न झालेली ७.९ वर्षांची होऊन मेली. पहिल्यांत कर्करोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण अधिक, दुसऱ्यांत संसर्गाने आणि अपघाताने.

यावरून घरच्या कुत्र्यासाठी निघणारा मार्ग साधा आहे. लहान जातीच्या किंवा छोट्या बांध्याच्या कुत्र्याला सहा महिन्यांच्या आसपास शस्त्रक्रिया चालते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशा जातींत वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष थांबणे शहाणपणाचे, मात्र तोवर माजावरच्या मादीला घरात सांभाळण्याची तयारी हवी. नराच्या शरीरात आधीचे शुक्राणू शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे टिकतात, हे न सांगता त्याला लगेच मोकळे सोडणारे मालक पुढे शस्त्रक्रियेलाच नावे ठेवतात. घाबरून चावणाऱ्या कुत्र्याला आधी शिकवणाऱ्याकडे न्यावे, कारण त्याच्या भीतीवर चाकूने इलाज होत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्याला अशी वयाची निवड मिळत नाही. जे वय जाळ्यात सापडते तेच त्याचे वय. प्राणी जन्मनियंत्रणाच्या २००१ आणि २०२३ च्या नियमांत शस्त्रक्रियेबरोबर रेबीजची लस घालून कुत्र्याला त्याच्याच भागात परत सोडायचे ठरले आहे, आणि गोव्याने मोठ्या प्रमाणावरच्या लसीकरणाने रेबीज आटोक्यात आणून दाखवला आहे. आता उरते ते वेळापत्रक. महापालिकांच्या पथकांनी ठेक्याच्या आकड्यासाठी सहज हाती लागणारे नर पकडून कानाला खाच पाडून सोडण्यापेक्षा ज्येष्ठ-आषाढातच वस्तीवस्तीतल्या माद्या आधी उचलल्या, तर येत्या भाद्रपदात त्यांच्यामागे धावणारे नर कमी असतील आणि पौषात जिन्याखालून कोणी झेपावणार नाही.